गुळातली गोळी

भवानी पेठ, सोलापूर
१२ जून १९७४

चि. पंचाक्षरी,

आशीर्वाद पाठवतो आहे. नको असतील तर टपालाने परत कर.

काल अकराच्या सुमारास तुमच्या श्रीपूरच्या साखर कारखान्याची जीप दारात उभी राहिली. वाटलं, पाच महिन्यांनी का होईना, लेक आला. उतरला तो ड्रायव्हर. त्याने माझ्या हातात साखळी दिली, साखळीला चिन्नी होती, आई गेल्यावर तू इथून नेलेली. मग गोळ्यांचा डबा दिला आणि तुझा टाइप केलेला कागद. म्हणाला, "सायेब कुर्डुवाडीला गाडीत बसले. बरेलीला ट्रेनिंग हाय सा म्हैन्याचं." पाणी विचारलं तर नको म्हणाला. माझ्या घरचं पाणी पिऊ नकोस असं तू त्याला बजावलं होतंस की काय, कळायला मार्ग नाही.

चिन्नी मात्र शेपूट हलवत आत आली आणि सरळ तुझ्या आईच्या खाटेखाली जाऊन बसली. खाट जानेवारीपासून रिकामी आहे हे तिला कुणी सांगितलेलं दिसत नाही. संध्याकाळपर्यंत ती तिथेच होती. मीही बाहेर ओढली नाही.

तुझा कागद वाचला. इंग्रजी आहे म्हणून बापाला कळणार नाही असं वाटलं असेल, तर चाळीस वर्षं गुरांच्या दवाखान्यात मी बाटल्यांवरचं इंग्रजीच वाचलं. नऊ कलमं आहेत. डासांमुळे कुत्र्याच्या काळजात जंत होतात, म्हणून रोज जेवणानंतर अर्धी गोळी. एकही दिवस चुकवायची नाही. सातव्या कलमाखाली तांबडी रेघ आहे: काही कारणाने गोळ्या बंद पडल्या, तर रक्त तपासल्याशिवाय पुन्हा सुरू करायच्या नाहीत, कुत्री दगावेल. वाचलं, समजलं.

ही तर हत्तीरोगाची गोळी. नगरपालिकेची माणसं माणसांसाठी वाटून गेली तेव्हा अर्ध्या भवानी पेठेने ती गटारात टाकली. आणि तू धडधाकट कुत्रीला रोज चारायला सांगतोस. डॉक्टर तू आहेस, मी आपला कंपाउंडर.

एकच विचारतो. आईच्या तिसऱ्या दिवशी, माणसं बसलेली असताना, तू म्हणालास, "अप्पांनी गोळ्या बंद केल्या म्हणून अव्वा गेली." ज्याच्या हातात आई मेली त्याच्या हातात कुत्री कशी दिलीस? की कुत्रीपुरता बाप चालतो?

कल्लप्पा


५ ऑगस्ट १९७४, सोमवार

चि. पंचाक्षरी,

तुझं पत्र मिळालं. चौदा ओळी. तेरा चिन्नीच्या आणि एक माझी: "तब्येतीस जपावे." तेवढी तरी कशाला लिहिलीस? तिथे चिन्नीची चौदावी मावली असती.

गोळी चालू आहे. नुसती दिली तर थुंकते, म्हणून गुळात लपेटून देतो. ढेकळाएवढा गूळ, मधे अर्धी गोळी. सुरुवातीला दोनतीनदा ओकली, पोट धरून बसायची. गेले पंधरा दिवस मात्र पोट एकदम ठीक आहे, खाणंही वाढलं आहे. जनावराचं शरीर आपलं आपण सावरतं, पण हे तुमच्या कॉलेजात शिकवत नाहीत.

आज तिला उपास आहे. तुझी आई असताना सोमवारी घरात कुणालाच संध्याकाळपर्यंत जेवण नसे, चिन्नीलाही नसे, आणि ती मुकाट्याने दारात बसून राही. शेजारची निंगव्वा भाकरी घेऊन आली आणि माझ्यावर डाफरली. "अण्णा, कुत्रीला बी उपास? तिनं काय पाप केलंया?" मी म्हटलं, "पाप न्हाय केलं, पुण्य करू दे की." ती म्हणाली, "तुमी आनी तुमचं नेम. बाईला बी नेमानंच घालवलं." भाकरी ठेवून गेली. तुझ्या आईचं दूध प्यायल्यासारखी बोलते. तिच्याकडून भाकरी घ्यायची मला हौस नाही, पण स्वतः थापली तर ती दगडाची होते.

नेमाचं म्हणशील तर ऐक. आपल्यात सोमवारी बैलाला जू लावत नाहीत. का? तर सहा दिवस ओढलं, एक दिवस त्याला त्याचा असू दे. माझ्या अव्वानं, तुझ्या आजीनं, तोच नेम औषधाला लावला होता. श्रावणात शरीराला औषधाचं जू नाही. तिच्या घरात श्रावणात काढा नसे, पुडी नसे. ती पंच्याऐंशी वर्षं जगली, आणि गेली ती विहिरीवर पाय घसरून. हे सगळं आपलं सहज लिहिलं. सध्या श्रावण आहे म्हणून आठवलं.

तू विचारलंस, "एकही दिवस चुकला नाही ना?" माझ्या उत्तरावर तुझा विश्वास नसेल तर प्रश्न कशाला विचारतोस?

कल्लप्पा


२० नोव्हेंबर १९७४

चि. पंचाक्षरी,

ट्रेनिंग मार्चपर्यंत वाढलं हे कळलं. दिवाळीला येणार नव्हतास ते मला आधीच माहीत होतं. निंगव्वाने दारात पणती लावली, मी विझवली नाही, झाली दिवाळी.

गोळ्यांचा नवा डबा पाठवू नकोस. पुष्कळ आहेत.

तू लिहितोस, कारखान्याच्या वसाहतीत तू तीन मेलेली कुत्री उघडली आणि तिघांच्या काळजात शेवयांसारखे जंत सापडले. उसाला पाणी, पाण्याला डास. मान्य. मी ते खोटं म्हणत नाही. पण मी काय पाहिलं तेही वाच. बहात्तरच्या दुष्काळात छावणीत एक नवा डॉक्टर आला होता, तुझ्याच वयाचा, इस्त्रीच्या कपड्यातला. जंत होऊ नयेत म्हणून त्याने सगळ्या बैलांना औषध पाजायला लावलं. मी म्हटलं, "साहेब, जनावरं उपाशी आहेत, अंगात रक्त नाही, आठ दिवस चारा खाऊ द्या." तो म्हणाला, "कंपाउंडर, नळी धरा." मी नळी धरली. दिवस मावळेपर्यंत अकरा बैल आडवे झाले. त्यातल्या एकाचा मालक हुलजंतीकडचा होता. त्याने मला एक शिवी दिली नाही, नुसता माझ्या हातातल्या नळीकडे बघत बसला. डॉक्टरने अहवालात लिहिलं, "अशक्तपणामुळे." त्या दिवसापासून निरोगी जिवाला औषध द्यायचं म्हटलं की माझा हात आखडतो. याला तू अडाणीपणा म्हणतोस. म्हण.

आता एक सहज विचारतो. समज, नुसतं समज, एखाद्याने श्रावणात गोळ्या थांबवल्या. मग भाद्रपद अधिक आला, दोन भाद्रपद झाले, पोट बरं होतं म्हणून राहून गेलं. मग दसरा, दिवाळी. कुत्री खाते, पिते, भुंकते. अशा कुत्रीला तू रोगी म्हणशील काय?

एखाद्याने म्हणजे मी नव्हे.

कल्लप्पा


२ मार्च १९७५

चि. पंचाक्षरी,

तुझं कार्ड मिळालं. दहा तारखेला येणार, शिवरात्रीला राहणार, संध्याकाळी चिन्नीचं रक्त काढून बघणार आणि बाराला तिला घेऊन जाणार. माझ्याशी काय करणार ते लिहिलेलं नाही.

माझ्या नोव्हेंबरच्या पत्राला तू एका ओळीत उत्तर दिलंस: "रक्त सांगेल." वा! न्यायाधीश व्हायचास, गुरांचा डॉक्टर कशाला झालास?

चिन्नी ठीक आहे. थंडी उतरता उतरता जरा खोकते. जिना चढली की बसते. आठ वर्षांची आहे, मीही बसतो.

परवा हरिबा येऊन गेला. मी निवृत्त झाल्यावर दवाखान्यात माझ्या जागी बसला तो हरिबा, तुला माहीत आहे. त्याने चिन्नीच्या छातीला कान लावला आणि तोंड पाडून म्हणाला, "अण्णा, रगत बगू या की. एक थेंब लागतुया. मायक्रोस्कोप हाय आपल्याकडं." मी म्हटलं, "कशाला?" तो म्हणाला, "जंत असतील तर गोळी आंगावर यील. पंचाक्षरी सायबानी कागदात लिवलंय न्हवं?" कागद खुंटीला होता, तो त्याने वाचला होता. मग हळूच म्हणाला, "अण्णा, मदी बंद केल्या व्हय?"

या हरिबाला सुई कशी उकळायची ते मी शिकवलं. मी त्याला हाकलून दिलं. "माझ्या घरात माझी तपासणी करायला आलास व्हय रे?" असं म्हणालो. तो गेला. जाताना चिन्नीच्या डोक्यावरून हात फिरवून गेला, माझ्या पाया पडला नाही.

तू खुशाल ये. रक्त काढ, काचेवर घे, पाहिजे तेवढा वेळ डोळा लावून बस. रक्त साफ सापडेल. ते मी बघतो.

कल्लप्पा


७ मार्च १९७५

चि. पंचाक्षरी,

काल सकाळी चिन्नी गेली. गटारातलं काहीतरी खाल्लं असावं. पेठेत उंदरांसाठी विष टाकतात. फार वेळ लागला नाही.

आता तू घाईने यायचं कारण उरलं नाही. ट्रेनिंग पुरं कर.

कल्लप्पा


१९ मार्च १९७५

चि. पंचाक्षरी,

शिवरात्रीला दार उघडं ठेवलं होतं. तू आला नाहीस. आज तुझं कार्ड आलं, तेही उघडं, पोस्टमनने वाचलेलं. हरिबाने तुला गोळ्या बंद केल्याचं लिहून कळवलं तर. बरं केलं. पोरगं माझ्या हाताखाली तयार झालं, पण खोटं बोलायला काही शिकलं नाही.

तू लिहितोस: "तुम्ही गोळ्या बंद केल्या म्हणून अव्वा गेली. गोळ्या बंद केल्या म्हणून चिन्नी गेली. तुमच्या घरात यापुढे माझं कोणी उरलं नाही, मी येणार नाही." सही, तारीख. तुझं अक्षर अजून चांगलं आहे.

येऊ नकोस. पण डॉक्टर, तुझी दोन्ही निदानं चुकली आहेत. ती दुरुस्त करायला हे पत्र लिहितो आहे.

चिन्नीचं आधी सांगतो. श्रावण लागला त्या दिवशी मी गोळ्या बंद केल्या. पुन्हा सुरू केल्या नाहीत, कारण सातव्या कलमाप्रमाणे आधी रक्त तपासायला हवं होतं, आणि रक्त तपासायचं तर दवाखान्यात जाऊन हरिबाला सांगायला हवं होतं की कल्लप्पा कंपाउंडरने औषध चुकवलं. ते माझ्या जिभेवर येईना. मग ती खोकायला लागली. मला कळलं. चाळीस वर्षं काय गवत उपटलं नाही मी, छातीवर हात ठेवला आणि कळलं. आणि मग तुझं कार्ड आलं, दहाला येतो, रक्त बघतो.

मी विचार केला, ही गोळी रक्तातले बारीक जंत मारते. चार दिवस दिली तर दहा तारखेपर्यंत रक्त साफ होईल. तू काच बघशील, काही दिसणार नाही, आणि मान वर करून मला म्हणशील, "अप्पा, ठीक आहे." एवढंच मला ऐकायचं होतं. तांबड्या रेघेचं कलम माझ्या डोळ्यांसमोर खुंटीला होतं. मला वाटलं, हे पुस्तकातलं आहे. आणि अर्ध्या गोळीने चार दिवसांत काय होणार, म्हणून मी चार आख्ख्या घेतल्या.

गुळात घालून दिल्या. तिने माझ्या हातून चाटून घेतल्या. तिला गूळ आवडायचा. मी तिथेच बसून राहिलो, विभूती लावायची राहिली होती. पाऊण तास झाला असेल, ती उठली, ओकली, आणि मागचे पाय गेले. हिरड्या चुन्यासारख्या पांढऱ्या. तिने खाटेखाली जायचा प्रयत्न केला, तिथवर पोचली नाही. मी तिला उचलून टांग्यात घातलं. दवाखान्याच्या पायरीवर तिने मान टाकली.

हरिबाने तिला टेबलावर ठेवलं. मीच म्हटलं, "उघड तिला." तो म्हणाला, "नगं अण्णा." मी म्हटलं, "उघड. मला बघायचंय." काळजाच्या उजव्या कप्प्यात होते, पांढरे, वीतभर, एकमेकांत गुंतलेले. फार नव्हते. मी मोजले, सात. हरिबा हात धुता धुता म्हणाला, "एवढ्यावर तिनं दोन वर्सं काडली असती, अण्णा. न्हायतर सायेबानी विलाज केला असता. गोळी दिली म्हनून गेली." हे त्याने तुला लिहिलं नाही. माझी लाज राखली त्याने. मला ती राखून नको आहे.

हे तू रक्तात लिहून ठेव, पुस्तकात लिहून ठेव, पण बरोबर लिही. बंद केल्यामुळे ती आजारी पडली. मेली ती मी पुन्हा दिल्या म्हणून. मेली ती तू येणार होतास म्हणून.

आता तुझ्या आईचं.

तिच्याही गोळ्या मी श्रावणातच बंद केल्या होत्या, आदल्या वर्षीच्या. प्रेशरच्या गोळीने तिला चक्कर यायची, चूल आणि माणूस एकाच रेषेत दिसत नाही म्हणायची. मी म्हटलं, महिनाभर राहू दे. बरी झाली. हसायला लागली, निंगव्वाबरोबर सिद्धेश्वराला जाऊन यायला लागली. मग कार्तिकापासून डोकं धरायला लागली. मी डोक्याला सुंठ लावत होतो.

जानेवारीत तुझं पत्र आलं. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला येतो, बरोबर माझा मित्र आहे, माणसांचा डॉक्टर, तो अव्वाचं प्रेशर बघेल. तुम्ही गोळ्या देताय ना नीट? तू असंच लिहितोस, नेहमी, सायबासारखं. आणि मी उत्तर लिहिलं होतं, देतो आहे, नियमाने.

तुम्ही सकाळच्या गाडीने येणार होता. मी डबी काढली. रोजची एक असायची. मी चार घेतल्या, आणि तिला नुसत्या गिळवायच्या नाहीत म्हणून एक बोटभर गूळ घेतला. तू त्या तिसऱ्या दिवशी माणसांत उभा राहून म्हणालास, प्रेशर चढून डोक्यात रक्त फुटलं. सगळ्यांनी मान डोलावली. मीही डोलावली. तुझ्या मित्राने तपासलं नव्हतं, तो आला तेव्हा तपासायला काही राहिलं नव्हतं. प्रेशर चढलं नाही, पंचाक्षरी. उतरलं. न्हाणीत आंघोळीला गेली, हिरड्या पांढऱ्या, ओठ पांढरे, उभ्या उभ्या खाली आली आणि डोकं दगडावर आपटलं. तिच्या हिरड्या मी बघितल्या होत्या. म्हणून चिन्नीच्या बघितल्या तेव्हा मला पुढचं सगळं माहीत होतं.

वर्षभर तू मला म्हणतोस, बंद केल्या, बंद केल्या. मी तो आरोप अंगावर घेतला, कारण तो हलका होता. एका श्रावणाच्या नेमाने बायको गेली असं लोक म्हणाले तर म्हातारा हट्टी होता एवढंच होतं. खरं कळलं असतं तर तू मला बाप म्हटलं नसतंस. आता तसंही म्हणत नाहीस, म्हणून लिहायला हरकत नाही.

तिला मी फसवलं नाही, एवढं सांगून ठेवतो. माझ्या तळहातावरच्या चार गोळ्या तिने बघितल्या. म्हणाली, "येवढ्या एकदम?" मी म्हटलं, "पोरगा डॉक्टर घेऊन येतोय. प्रेशर खाली दिसलं पायजे." तिला सगळं कळलं होतं. मग तिने हात पुढे केला आणि म्हणाली, "द्या हिकडं. पोरापुडं तुमची मान खाली जायला नगं."

कल्लप्पा